नूस म्हणजे मन का? (सुरुवातीच्या ख्रिस्ती विचारातलं मन)

पांथस्थ (धागालेखक)

गेले चार महिने रोज रात्री जेवणानंतर तासभर मी एकच वाचतोय: चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या ख्रिस्ती तपस्व्यांचं आणि त्यांच्या आगेमागे होऊन गेलेल्या आचार्यांचं लेखन. ग्रीक येत नाही. भाषांतरं आणि शब्दकोश शेजारी घेऊन बसतो. पण एका शब्दापाशी घोडं अडलंय. तो शब्द 'नूस'.

मराठी बायबलात येशूचा प्रेषित पौल याचं वाक्य आहे, 'आपल्या मनाच्या नवीकरणाने स्वतःचे रूपांतर होऊ द्या' (रोमकरांस पत्र, अध्याय १२). मूळ शब्द नूस. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात 'आपल्याला तर ख्रिस्ताचे मन आहे', तिथेही नूसच.

आता मराठी माणसाला 'मन' म्हटलं की काय आठवतं? माकड. वारा. उभ्या पिकात शिरणारं ओढाळ ढोर. त्याला आवरायचं, समजवायचं, दावणीला बांधायचं. ग्रीक आचार्यांचा नूस अगदी उलटा. तो आत्म्याचा डोळा, माणसातलं देवाच्या सगळ्यात जवळचं काही. अलेक्झांड्रियाच्या ओरिगेननं (सुमारे १८५ ते २५४) तर असं मांडलं, की आरंभी होते ते नुसते नूस, देवाकडे पाहत पेटलेले. ते थंडावले आणि त्यांचे जीव झाले. ग्रीकमध्ये जीवाला 'प्सुखे' म्हणतात आणि गार होण्याचं क्रियापदही त्याच ध्वनीचं, त्यावर त्यानं हा विचार उभा केला.

माझं मत असं की नूससाठी 'मन' हा शब्द चुकीचा आहे. 'बुद्धी' हवा. कठोपनिषदातल्या रथात मन हे लगाम आणि बुद्धी सारथी. नूस हा सारथी आहे, लगाम नाही. तुम्हाला काय वाटतं?

कोरांटी

वाचनखूण साठवली. पण बुद्धी म्हटलं की मला चौथीची स्कॉलरशिप आठवते, बुद्धिमत्ता चाचणीचा पेपर आणि आकृत्यांच्या मालिकेत पुढची आकृती कोणती. देवाला बघायला तेवढं पुरेल का?

वसईची_वाट

पांथस्थ, धागा आवडला, पण मताशी असहमत. मी ख्रिस्ती घरात वाढले, त्यामुळे हे शब्द आधी कानावर पडले आणि मग डोळ्यांसमोर आले.

एक, तुम्ही मराठी 'मन' अर्धंच घेतलंत. माकड आहेच, पण आपण 'मनापासून' म्हणतो, 'मोठ्या मनाची बाई' म्हणतो, 'मनोमन नमस्कार' करतो. माझी आजी प्रार्थनेला बसताना म्हणायची, 'मन घेऊन बसा, नुसते गुडघे नकोत.' ते मन दावणीचं ढोर नव्हतं.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. तुम्ही सुरुवात ग्रीकपासून केलीत. येशूची परंपरा हिब्रू होती, आणि हिब्रूत डोक्याने विचार करणाऱ्या अशा वेगळ्या मनाला शब्दच नाही. विचार करतं ते 'लेव', म्हणजे हृदय. ठरवतं तेही हृदय, रागावतं तेही हृदय. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली मोठी आज्ञा बघा: हृदय, जीव आणि शक्ती, या तिन्हींनी देवावर प्रीती कर. तीच आज्ञा मार्कच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात येशूच्या तोंडी ग्रीकमध्ये येते तेव्हा तीनाचे चार झालेत. 'दियानोइया', म्हणजे समज, विचारशक्ती, ही चौथी. मला तर त्या चौथ्या शब्दात सगळ्या इतिहासाचा आरंभ दिसतो. हिब्रू हृदयात सगळं एकत्र नांदत होतं. ग्रीक बोलणाऱ्यांना ते वेगळं करून सांगावं लागलं.

पांथस्थ

@वसईची_वाट, ताई, 'मन घेऊन बसा' वाचून थांबलो. हा मुद्दा मान्य. आणि तीनाचे चार हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तुमच्यामुळे आणखी एक सुचलं. 'पश्चात्ताप करा, कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे', यातला मूळ शब्द 'मेतानोइया'. त्याच्या पोटात तोच नूस बसलाय. मन पालटणं, समज मुळापासून बदलणं. पश्चात्ताप या शब्दात मागाहून होणारा ताप आहे, झाल्या गोष्टीकडे बघून जळणं आहे. मेतानोइयात तोंड पुढे आहे. लॅटिनमध्येही हाच घोळ झाला, प्रायश्चित्ताच्या अंगाने जाणारा शब्द रूढ झाला. सोळाव्या शतकात इरॅस्मस या डच विद्वानानं तो बदलून पाहिला.

तर्कट

सगळं छान आहे, पण एक सरळ प्रश्न. यात ख्रिस्ती काय आहे? सारथी आणि घोडे प्लेटोचे. विकारांवर ताबा स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांचा. मेंदूचं ज्ञान गेलन या ग्रीक वैद्याचं. उसनं सामान घेऊन वर क्रूस लावला, असं मी म्हटलं तर?

रात्रपाळी

तर्कट यांना उत्तर पांथस्थ देतीलच, मी गेलनचं नाव निघालं म्हणून आलो. मी अतिदक्षता विभागात काम करतो आणि हा विषय मला रोज खाटेवर दिसतो.

या लोकांनी मन शरीरात कुठे असतं यावर फार गंभीरपणे डोकं चालवलंय. कार्थेजच्या तर्तुलियननं सुमारे २१० मध्ये आत्म्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. त्याच्या मते आत्माही एक प्रकारचं शरीरच, सूक्ष्म, हवेसारखं. आणि मन म्हणजे त्या आत्म्याचं एक काम, वेगळी वस्तू नव्हे. यासाठी त्यानं सोरानस या वैद्याचा आधार घेतला. चौथ्या शतकाच्या अखेरीस सीरियातल्या एमेसाचा बिशप नेमेसियस याच्या पुढे गेला. त्यानं मेंदूतल्या पोकळ्या वाटून दिल्या: पुढच्या कल्पनेला, मधली विचाराला, मागची स्मृतीला. पुरावा म्हणून तो इजा झालेल्या माणसांकडे बोट दाखवतो. मेंदूच्या कुठल्या भागाला दुखापत झाली की काय बिघडतं ते बघा, म्हणतो. तपशील चुकले, पण आम्ही आजही असंच शिकतो.

मला सर्वात भावतो तो निस्साचा बिशप ग्रेगरी. ३७९ च्या सुमाराला त्यानं माणसाच्या घडणीवर लिहिलं. मन हृदयात की मेंदूत, हे दोन्ही पक्ष तो नीट ऐकून घेतो. डोक्याच्या आजारात माणूस बरळतो हे त्याला माहीत आहे, ते तो नाकारत नाही. आणि मग म्हणतो, की मन एखाद्या अवयवात कोंडलेलं नसतं, ते सगळ्या शरीरात सारखंच भिनलेलं असतं. कसं, तर वादकासारखं. वाद्य मोडलं, तारा तुटल्या, गंज चढला, तर वादक कितीही तयारीचा असो, सूर उमटत नाही. त्याची कला मात्र तशीच असते.

रात्री तीन वाजता एखादे आजोबा सलाईन उपटून 'मला शेतावर जायचंय' म्हणतात. त्यांच्याशी बोलताना मला हे वाद्य आठवतं, आणि माझा आवाज आपोआप खाली येतो.

ओसरी

रात्रपाळी, मी इथे फक्त वाचते, कधी लिहीत नाही. आज लिहिते.

माझे बाबा ८१ वर्षांचे आहेत. तीन वर्षं झाली, विसरत चाललेत. मला ते कधी 'माई' म्हणतात, ती त्यांची बहीण होती. नातेवाईक येतात आणि त्यांच्यासमोरच म्हणतात, 'आता आत कोणी राहिलं नाही हो.' मी आजवर गप्प बसत आले, कारण उत्तर नव्हतं. सोळाशे वर्षांपूर्वी कोणीतरी वादक आणि वाद्य यांत फरक केला होता हे मला ठाऊक नव्हतं. त्या ग्रेगरीनं आणखी काय लिहिलंय?

रात्रपाळी

ओसरीताई, 'आत कोणी नाही' हे वाक्य मी वॉर्डात कोणाला बोलू देत नाही.

ग्रेगरीची थोरली बहीण माक्रिना. ती मरणशय्येवर असताना हा तिला भेटायला गेला. त्यांच्या भावाचं, बासिलचं, नुकतंच निधन झालेलं. हा शोकानं मोडलेला, आणि ती धाप लागत असताना त्याच्याशी आत्मा आणि पुनरुत्थान यांवर वाद घालते. तो संवाद त्यानं नंतर लिहून काढला. त्यात तो शंकेखोर शिष्य आहे आणि ती गुरू. तो तिला 'गुरू' असंच म्हणतो. त्या काळात मनाबद्दलचा इतका अवघड विचार एका बाईच्या तोंडून मांडणं ही साधी गोष्ट नाही. वाचा, तुम्हाला आवडेल.

वसईची_वाट

ओसरी, बाबांना माझा नमस्कार सांगा.

पांथस्थ

@तर्कट, तुमचा प्रश्न रास्त आहे. सामान बरंचसं उसनं होतं, आणि हे आचार्य ते लपवतही नाहीत. पण एक भांडण असं झालं जे प्लेटोच्या किंवा स्टोइकांच्या घरात झालंच नसतं. जरा लांबण लावतो.

लावदिकियाचा बिशप अपोलिनारिस. मोठा विद्वान, श्रद्धेत पक्का. त्याला प्रश्न पडला, की देवाचा शब्द, म्हणजे देवाचा पुत्र, माणूस झाला म्हणजे नेमकं काय झालं? एका माणसात दोन कर्ते कसे असतील? त्यानं तोड काढली. ख्रिस्ताला शरीर माणसाचं, जीव माणसाचा, पण मानवी नूस नव्हता. त्या जागी देवाचा शब्द होता. कारण अपोलिनारिसच्या मते मानवी मन डळमळीत, घाणेरड्या विचारांना बळी पडणारं. ते पवित्र माणसात ठेवायचंच कशाला?

ऐकायला हे भक्तीचं वाटतं. नाझिआन्झसचा ग्रेगरी मात्र त्यावर तुटून पडला. (हा निस्सावाल्याचा मित्र, दोघांची नावं सारखी असल्यानं माझाही गोंधळ झाला होता.) क्लेदोनियस नावाच्या पाळकाला लिहिलेल्या पत्रात त्याचं एक वाक्य आहे, माझ्या मराठीत: 'जे स्वीकारलंच नाही, ते बरं झालं नाही.' युक्तिवाद असा की आदामात आधी चुकलं ते शरीर नव्हे, मन. आज्ञा मिळाली मनाला, मोडली मनानं. जो अवयव सगळ्यात आजारी, त्यालाच वैद्यानं हात लावला नाही, तर उपचार कसला? आणि पुढे म्हणतो, देव शरीराशी जोडला गेला तो मनाच्या मध्यस्थीनं, कारण मन त्याच्या जास्त जवळचं.

३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या बिशपांच्या परिषदेनं अपोलिनारिसचं मत त्याज्य ठरवलं.

आता यात काय नवं? प्लेटोच्या परंपरेत नूस हा माणसातला निरोगी भाग, बाकी सगळं त्याला खाली ओढतं. ग्रेगरी म्हणतो नूसच आजारी आहे, आणि तरी तोच देवाला सर्वात जवळचा. दोन्ही एकदम. हे मला तरी ग्रीक तत्त्वज्ञांकडे असं सापडलेलं नाही.

तर्कट

हे पटलं. 'उसनं सामान' हे शब्द मागे घेतो. मग याचं पुढचं टोक म्हणजे इच्छाशक्तीचा वाद, नाही का? ख्रिस्ताला मानवी इच्छा होती की नव्हती?

वसईची_वाट

हो. अटकेआधीची येशूची गेथशेमाने बागेतली प्रार्थना, 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे.' मानवी इच्छाच नसेल तर ही प्रार्थना खोटी ठरते. ख्रिस्ताला मानवी इच्छा होती हे मत सोडलं नाही म्हणून सातव्या शतकात मॅक्सिमस नावाच्या साधूची जीभ आणि उजवा हात तोडला आणि ६६२ मध्ये तो हद्दपारीत मेला. ६८०-८१ च्या परिषदेनं त्याचंच म्हणणं मान्य केलं. गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री आम्ही जागरण करतो तेव्हा मला हा माणूस आठवतो.

बोरकाठ

एवढ्या उंचीवरून जरा खाली येऊया. पांथस्थ, तुम्ही वाळवंटातल्या लोकांपासून सुरुवात केलीत आणि त्यांचं नावच काढलं नाही. इव्हॅग्रिअस कुठे आहे?

माहीत नसणाऱ्यांसाठी: हा याच नाझिआन्झसच्या ग्रेगरीचा शिष्य. राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये नाव कमावलेला डीकन (पाळकाच्या खालचा चर्चसेवक). एका बड्या घरच्या विवाहित बाईच्या प्रेमात पडला, हादरला, जेरुसलेमला पळाला. तिथे मेलानिया नावाच्या साध्वीनं त्याला सावरलं आणि इजिप्तला धाडलं. नित्रिया आणि मग केल्लिया या ठिकाणी तो ३९९ मध्ये मरेपर्यंत राहिला. केल्लिया म्हणजेच 'खोल्या', वाळूत दूरदूर बांधलेल्या.

त्यानं माणसाला छळणारे आठ विचार मोजले: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, राग, अकेडिया, पोकळ मोठेपणाची हौस आणि गर्व. तो यांना पाप म्हणत नाही, 'लोगिस्मोई' म्हणजे विचार म्हणतो. आणि म्हणतो, हे विचार येतात की नाही हे आपल्या हातात नाही. ते रेंगाळतात की नाही हे आपल्या हातात आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीनं (हा तिसरा ग्रेगरी, सांभाळा!) त्यांची फेरमांडणी केली, त्यातूनच पुढे प्रसिद्ध सात पापं आली.

यातला अकेडिया वाचून मी थक्क झालो. दुपारचा सैतान. हा आला की सूर्य हलेनासा होतो, दिवस पन्नास तासांचा वाटतो. साधू सारखा खिडकीबाहेर बघतो, नववा तास व्हायला किती अवकाश आहे म्हणून, कारण जेवण तेव्हा. मग जागेचा राग येतो, कामाचा राग येतो, इथे कुणाला कुणाची माया नाही असं वाटतं, दुसरीकडे गेलो असतो तर बरं झालं असतं असं वाटतं.

कोरांटी

नववा तास म्हणजे दुपारचे तीन. आमच्या ऑफिसात साडेतीनला चहा येतो. तीन ते साडेतीन मीही खिडकीकडेच बघते, आणि नोकरी बदलण्याचा विचार मला नेहमी त्याच अर्ध्या तासात येतो. आता त्याला नाव मिळालं!

याला मराठीत काय म्हणायचं? आळस?

बोरकाठ

आळस नाही. आळशी माणूस निजतो; हा तळमळतो. 'कंटाळा' जवळचा, पण फार हलका.

वसईची_वाट

'वीट'? वीट एखाद्या गोष्टीचा येतो. हा सगळ्याचा आलेला वीट.

सायंतारा

'उबग' म्हणा. उबग आला की माणूस उठून चालू लागतो. त्या साधूला नेमकं तेच करावंसं वाटतंय, आणि इव्हॅग्रिअस सांगतो की खोली सोडू नकोस.

आणि मनाबद्दल बोलताय तर जॉन कॅसियन विसरू नका. इजिप्तमध्ये शिकलेलं त्यानं पाचव्या शतकाच्या आरंभी मार्सेला नेलं. त्याच्या संवादांत अब्बा (म्हणजे बाप, वडीलधारा साधू) मोझेस सांगतो: मन म्हणजे पाणचक्की. वरून पाणी कोसळतंय तोवर ती थांबायची नाही, थांबवताही येणार नाही. पण तिच्यात गहू घालायचा, जव घालायचा की तण, हे चक्कीवाल्याच्या हातात.

माझ्या आईच्या घरी जातं होतं. घास घालायला उशीर झाला की दगडावर दगड घासला जायचा. आई ओरडायची, 'रिकामं फिरवू नकोस, झिजतं!' अब्बा मोझेसचं वाचलं तेव्हा तिचा आवाज ऐकू आला.

कोरांटी

मला या वाळवंटातल्या साधूंपैकी पोयमेन आवडतो. एक जण त्याच्याकडे येऊन म्हणतो, अब्बा, फार विचार येतात, मी धोक्यात आहे. पोयमेन त्याला मोकळ्यावर नेतो. 'अंगरखा उघड आणि वारा पकड.' 'नाही जमणार.' 'हे जमत नाही, तसंच विचारांना येऊ न देणंही जमणार नाही. तुझं काम त्यांना नाही म्हणायचं.'

झोप लागत नाही तेव्हा हे मी स्वतःला सांगते. एवढ्यानं झोप लागते असं नाही, पण झोप न लागल्याचा अपराधीपणा जातो.

तर्कट

इथे एक वाकडा प्रश्न. इव्हॅग्रिअसला या सगळ्याच्या शेवटी 'अपाथेइया' हवी होती, विकारमुक्ती. त्याच काळातल्या जेरोम या विद्वान साधूनं त्यावर टीका केली की असा माणूस एक तर दगड असेल, नाहीतर देव. मला जेरोमचं पटतं. विकार गेले तर माणूस उरतो का?

बोरकाठ

जेरोमनं पुढचं वाक्य वाचलं नसावं. इव्हॅग्रिअस म्हणतो, अपाथेइयाच्या पोटी अगापे जन्मते, म्हणजे प्रेम. दगडाला मूल होत नाही.

तर्कट

लाजवाब. तरी मला जवळचा वाटतो तो उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन. आपल्या आत्मकथनाच्या आठव्या भागात तो चक्रावून जातो: मन हाताला हुकूम देतं, हात तत्काळ हलतो. तेच मन स्वतःला हुकूम देतं आणि ऐकत नाही. हुकूम देणारं आणि न ऐकणारं एकच! हा राक्षसी प्रकार कुठून आला, असं तो विचारतो. आणि पुढे तोच माणूस देवाच्या त्रैक्याची (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) छाया शोधायला आकाशात न जाता मनात उतरतो: स्मृती, समज आणि इच्छा. तीन, पण मन एकच.

पांथस्थ

दोन दिवस गैरहजर होतो, तोवर धागा माझ्या हाताबाहेर गेला आणि बरं झालं.

मूळ प्रश्नाकडे येतो. मी 'बुद्धी' म्हणत होतो ते आता मागे घेतो. कोरांटींच्या आकृत्यांनी पहिला धक्का दिला होताच. पण खरं मत बदललं ते ग्रेगरीचं पत्र इथे लिहून काढताना. नूस निरोगी असता तर बुद्धी चाललं असतं. जो नूस चळतो, उबगतो, जात्यासारखा रिकामा फिरतो आणि तरीही देवाच्या सर्वात जवळ आहे, त्याला मराठीत 'मन' हाच शब्द पेलेल. मला माकड तेवढं दिसत होतं. वसईच्या ताईंच्या आजीला दोन्ही दिसत होतं.

इव्हॅग्रिअस एका ठिकाणी लिहितो, की प्रार्थनेच्या वेळी निवळलेलं मन स्वतःला पाहतं तेव्हा ते नीलमण्यासारखं, आकाशाच्या रंगाचं दिसतं. बायबलातल्या 'निर्गम' या पुस्तकात देवाच्या पायांखाली जो रंग वर्णिलाय तोच. आठ विचारांची यादी करणारा माणूसच हे लिहितो.

वसईची_वाट

आजीला हे कळायला हवं होतं.

शब्दांचं म्हणाल तर हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. १६१६ मध्ये छापलेल्या ख्रिस्तपुराण या मराठी काव्यात फादर स्टीफन्सनी स्वर्गाला बेधडक 'वैकुंठ' म्हटलंय. तीनशे वर्षांनी केडगावला पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणत होत्या. १९२२ मध्ये मरण येईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. दोघांनीही शब्द इथल्याच घरातून उचलले. 'जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य' यातलं अंतःकरण आपण आता सहज म्हणतो. पण वेदान्तात त्याच शब्दात मन, बुद्धी, चित्त, अहंकार सगळे कोंबलेले आहेत. तरीही तो हिब्रू 'लेव'ला किती छान बसला!

ओसरी

माक्रिनेचा संवाद मिळाला, वाचतेय. अवघड आहे, रोज दोन पानं.

काल एक मामा आले होते. तेच वाक्य म्हणायला लागले. मी म्हटलं, 'वाद्य बिघडलंय मामा, वाजवणारे इथेच आहेत.' बाबा खुर्चीत होते. त्यांना कळलं की नाही सांगता येत नाही. चहा प्यायले, आणि कप मला न देता मामांच्या हातात दिला.

रात्रपाळी

ताई, तसाच संवाद चालू ठेवा.

कोरांटी

पांथस्थ, इव्हॅग्रिअसच्या आठ विचारांवर वेगळा धागा काढा ना. अकेडियाचं मराठी ठरवूनच टाकूया. माझं मत 'उबग'ला.

बोरकाठ

उबग. +१

तर्कट

उबग. पण 'वीट'वाल्यांचं म्हणणं आधी ऐकून घ्या.